कुरुळीच्या पेशंटचा नंबर

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही... पण त्या दुपारचं काय करायचं, ते मला कळलेलं नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत मुंबई रस्त्यालगत एक लहानसं हॉस्पिटल नुकतंच सुरू झालं होतं. मी मॅट्रिक झालेली, तिथे रेकॉर्ड क्लार्क. प्रत्येक आजाराला एक ठरलेला नंबर असतो. पेशंट घरी जायच्या आधी आमचे जुने क्लार्क जोशीकाका जाड इंग्रजी पुस्तकात बघून तो केसपेपरवर लिहायचे, आणि डॉक्टरांच्या निदानाशी तो जुळतो का, हे मी तपासायची.

त्या दिवशीचा शेवटचा पेपर कुरुळी गावच्या भिकूचा. निदान — पाठ आखडली आहे, घरी सोडावे. नंबर मात्र ०६१, म्हणजे धनुर्वात! काकांची चूक समजून मी तो खोडला, पाठदुखीचा नंबर घातला आणि उठले.

माझ्या खोलीचं दार उघडेना.

त्या दाराला बाहेरून कडीच नव्हती. ओढलं, बडवलं, हाका मारल्या. पलीकडच्या खोलीतला काकांचा टाइपरायटर मला स्वच्छ ऐकू येत होता... माझं मात्र कुणालाच काही ऐकू जात नव्हतं. खिडकीला गज. टेबलाशी परत आले तर पेपरवर ०६१ — माझ्याच अक्षरात.

पुन्हा खोडलं, पुन्हा दाराशी गेले. दार जणू भिंतीतच चिणलेलं. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटायला आला, श्वास पुरेना. इथेच मरणार आपण, असं वाटलं. शेवटी रबर टाकून दिलं. आकडा तसाच ठेवून पेपर उचलला, आणि दार नुसता हात लावताच उघडलं.

काकांनी एकही हाक ऐकली नव्हती. मी तशीच बाहेर पळाले. भिकूला बैलगाडीत निजवलं होतं, बैल जुंपलेले. त्याला कसं वाटतंय, असं मी त्याच्या बायकोला विचारलं.

ती हळूच म्हणाली, "सकाळधरनं त्यांचं तोंड उघडंना, बाई. च्या बी गिळता येईना. कुनाला सांगावं, समजंना मला."

मी गाडी थांबवून डॉक्टरांना बोलावलं. ते चिडूनच आले. पण चमचा भिकूच्या दातांत शिरेना, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. टाचेत काट्याची जुनी जखम निघाली; धनुर्वातच होता तो. तासाभरात त्याला पुण्याला हलवलं. महिना-दीड महिना झगडून तो वाचला.

संध्याकाळी डॉक्टरांनी पेपर मागवला. त्यावर एकच नंबर होता, पाठदुखीचा, काकांच्या अक्षरात. खाडाखोड कुठेच नव्हती.

"मग तुम्हाला कळलं कसं?" त्यांनी विचारलं. मी पेपर पुन्हा उलटसुलट करून पाहिला.

पुढे मी तिथे होते तोवर, कुणाला घरी सोडताना ते आवर्जून विचारायचे, "बाई, नंबर बरोबर आहे ना?" मी हो म्हणायची... आणि आपण नक्की कशाची खात्री देतोय, हे मला एकदाही कळलं नाही.