हुकमी डाव

नव्वदच्या दशकात मी कॉलेजात ग्रीक नाटकं शिकवायचो आणि संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर एका माजी पैलवानाकडचं धारोष्ण दूध प्यायचो. कान मुडपलेले, मान ताठ. म्हशीखाली धार काढायला बसला, तरी माणूस वाकल्यासारखा दिसायचा नाही.

एकदा मी वर्गातून चिडूनच आलो. नाटकातल्या राजाला त्याचा घात आधीच सांगितलेला असतो, तरी अभिमानापायी तो मागं हटत नाही. मुलांनी त्याला मूर्ख ठरवलं होतं. मी ते पैलवानाला सांगितलं.

"घिस्सा माझा हुकमी डाव, मास्तर. शेवटच्या कुस्तीत समोरचा त्याचीच वाट बघत हुता. म्हाईत असून टाकला. चीत झालो."

"मग दुसरा टाकायचा की!"

"जिंकलो असतो," ग्लास पुढं करत तो म्हणाला. "पर जिंकणारा गडी मी नसतो."