यादवरावांच्या तबकड्या ऐकायला कोण येतं?

श्री. यादवराव पराते यांची माझी पहिली भेट नागपुरात सीताबर्डीवरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात झाली. मी पुस्तकं चाळत होतो. शेजारी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातले हे गृहस्थ सदऱ्याच्या टोकानं ग्रामोफोनची एक तबकडी पुसत होते. त्यांनी एकदम विचारलं, "घरी कोणी वाट पाहून राहिलं का तुमची?" मी नाही म्हणालो. "मंग चला."

तबकडी रॉक अँड रोलच्या सुरुवातीच्या काळातली होती. वाटेत मी परदेशी संगीताच्या आक्रमणावर बोलू लागलो. ते म्हणाले, "भाषण मंग द्या जी. आधी तीन मिनिटं चूप बसा."

देश सोडून चाललेल्या अँग्लो-इंडियन रेल्वे कुटुंबांकडून यादवरावांनी अशा तबकड्या जमवल्या. नामवंतांच्या मागे ते लागले नाहीत. एकदाच गायले आणि विसरले गेले, असे अमेरिकेतले गरीब, बहुतेक काळे गायक त्यांनी जपले. ज्याला जगानं ऐकलं नाही त्याला ऐकणं हे न्यायाचंच काम आहे, असं मी मानतो. ते काम यादवरावांनी विणकरांच्या आळीतल्या दोन खोल्यांत केलं.

एकटे असताना मात्र ते तबकडी लावत नाहीत. "दुसऱ्याचा चेहरा पाहाले भेटला पाहिजे. नाही तर ऐकून काय करू?" पूर्वी रविवारी ऑफिसातले मित्र जमत. त्यांच्या पत्नी, इंदिरावहिनी, तांदूळ निवडता निवडता तबकडीतल्या गायकाबद्दल विचारत, "हा काहून एवढा ओरडून राहिला जी? जेवला नाही का?"

माझ्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बोलणं बंद केलं, तेव्हा यादवराव सायकलला ग्रामोफोन बांधून रोज येत. म्हणत, "आता कसे चांगले श्रोते झाले."

मग मित्रांच्या बदल्या झाल्या. मुलगा भिलाईला गेला. वहिनी देवाघरी गेल्या. घरोघरी टीव्ही आला. गेल्या दिवाळीत मी गेलो, तर ग्रामोफोनवर उन्हाळ्यात आम्ही ऐकलेलीच तबकडी होती. तिच्यावर धूळ बसली होती.

"काढली नाही?"

"मंग कोणी आलंच नाही जी."

त्यांच्या साठीनिमित्त आजचा हा समारंभ ठरवताना सत्कार समितीनं शालीचा रंग विचारला, तेव्हा ते म्हणाले, "शाल राहू द्या. एवढे लोक येतील म्हणता, त्यातला एखादा रविवारी घरी पाठवा."

मित्रहो, हे मागणं साठ वर्षांच्या माणसानं आपल्यापुढे ठेवलं आहे आणि त्याला टाळ्यांनी उत्तर देता येणार नाही. यादवरावांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही माझी मनापासून इच्छा आहे. त्या आयुष्यातले रविवार मुके जाऊ नयेत, एवढं मात्र आपल्या हाती आहे. या रविवारी मी जातो आहे. पुढच्या रविवारी कोण जाणार, ते आजच ठरवा.