बरणीवरचं नाव

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजातून आम्ही चौघे प्राध्यापक बेडूक गोळा करायला घाटातल्या जंगलात गेलो होतो. जीप जुनी, म्हणून हडपसरचा एक मेकॅनिक सोबत घेतला होता. दोन दिवस तो बॉनेटला टेकून आमची फजिती बघत होता. समोरच्या झुडपातून एक बेडूक सारखा टकटक ओरडायचा, आणि पान न् पान उलटूनही सापडायचा नाही.

तिसऱ्या सकाळी मेकॅनिकने एका कानात बोट घातलं, डोळे मिटले, आणि झुडपाकडे पाठ करून तो चालू लागला.

"अहो, आवाज इकडून येतोय," मी खोचकपणे म्हणालो.

"इंजिनाची खडखड एकीकडं ऐकू येती सर, बिघाड दुसरीकडंच असतो. ह्यो आवाज झुडपामागल्या कड्यावर आपटून येतोय."

त्याने एक दगड उचलला. खाली अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक गळा फुगवून बसला होता. आम्ही चौघे त्या चिखलात नाचलो.

बेडूक ठेवायच्या बरणीवर शोधणाऱ्याचं नाव लिहायची आमची पद्धत. मी पेन काढून त्याचं नाव विचारलं.

"हडपसरचा मेकॅनिक लिहा. इंजिनं ओळखत्यात मला."

कॉलेजच्या कपाटात माझ्या नावाच्या पुष्कळ बरण्या आहेत. पाहुणे आले की मी त्याची बरणी काढून दाखवतो.