गंगाधरकाका आणि मोठी बॅटरी

हिवाळ्यात गंगाधरकाका कोणालाही हात जोडून नमस्कार करत नसत. समोर सरपंच येवोत की तहसीलदार, ते नुसती मान झुकवत आणि कोपरं अंगाला घट्ट चिकटवून उभे राहत. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना हा माणूस गर्विष्ठ वाटे. खरं कारण स्वेटरच्या आत होतं. दोन्ही काखांत ड्रोनची एकेक बॅटरी असे, आणि हात वर केला की ती पडली असती. ते म्हणायचे, "गारठलेली बॅटरी म्हंजे गारठलेला म्हातारा. उठते, पण दोन पावलं चालली की मटकन बसते. तिले आधी अंगाची ऊब द्या लागते."

काकांचं घर आमच्या गल्लीत, आमच्यापासून तिसरं. आदिलाबादच्या बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचा एका शटरचा फोटो स्टुडिओ होता. फोटोला बसलेल्या माणसाला ते मराठीत "मान वर" म्हणत, तेलुगूत "तल पैकि" म्हणत, उर्दूवाल्याला "गर्दन सीधी, जनाब" म्हणत. तरीही तो ताठच बसला तर स्वतःच तोंडभर हसून दाखवत. समोरच्याला मग हसावंच लागे, आणि तेवढ्यात फोटो निघालेला असे.

चार वर्षांपूर्वी त्यांनी ड्रोन घेतला आणि लग्नांची शूटिंग सुरू केली. त्याला ते 'मशीन' म्हणत. मशीन उडवण्याआधी ते एक प्रश्न मोठ्याने विचारत, कोणी उत्तर देवो न देवो: "खाली कोण हाय?" माणसांच्या डोक्यावरून ते मशीन नेत नसत. वरात रस्त्याने चालली असेल तर मशीन बाजूच्या कापसाच्या शेतावरून चाले. एकदा नवरदेवाचा मित्र म्हणाला, "काका, एकदम डोक्यावर घ्या ना, भारी दिसते." काका म्हणाले, "भारी दिसते बाबू, पण पडलं तं भारीच लागते."

आता थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, कारण पुढे जे झालं त्यात मी आहे. माझे वडील जिनिंगमध्ये गठाणी उचलतात, आई कापूस वेचायला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी. तरी गल्लीतला प्रत्येक कागद माझ्याकडे येई. बँकेचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, रेशनचा अर्ज, सगळं. मी अर्धं वाचत असे आणि अर्धं अंदाजाने सांगत असे. आजवर कोणी पकडलं नव्हतं. काका मला 'आमची सायन्सवाली' म्हणत, ते मला फार आवडे.

दोन वर्षांत मशीनच्या जुन्या बॅटऱ्या थकल्या. आमच्याकडे वरात मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत पोचायला सहज तास-दीड तास घेते, कारण प्रत्येक वळणावर नवरदेवाचे मित्र नाचतात आणि त्यांना कोणी पुढे ढकलू शकत नाही. मशीन बारा मिनिटांत खाली उतरे. काका बॅटरी बदलत, तोवर नेमका नवरदेवाचा मामा नाचून घेई, आणि व्हिडिओत तो नसे. एका लग्नात भर लोकांत त्यांना ऐकावं लागलं, "काका, तुमचं मशीन तं आमच्या आजीच्या आधी थकलं!" लोक हसले, काकाही हसले. पण त्या आठवड्यात त्यांनी मोठी बॅटरी मागवली. कंपनीची नव्हती, दुसऱ्याच कोणीतरी बनवलेली.

ती आली तेव्हा त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. बॅटरी जुनीपेक्षा जाड होती. मशीनच्या पोटात बसवली तरी तिचं पोट बाहेर राहत होतं, आणि शेवटचा 'टक्' असा आवाज दोनदा दाबल्यावर आला.

"पाह्य वं सुजाता, तू सायन्सवाली. चालते का हे?"

मी खोक्यावरचे आकडे पाहिले. व्होल्ट तेवढेच होते, साठवण जवळजवळ दुप्पट. आम्हाला वर्गात एवढंच शिकवलं होतं. मी म्हणाले, "व्होल्ट सारखे आहेत काका. म्हणजे चालेल. जास्त वेळ उडेल."

त्यांनी खोक्यातून घडी घातलेला एक कागद काढला. बारीक इंग्रजी, दोन्ही बाजूंनी. "हेबी वाचून घे माय. मले तं डोळ्यांनी दिसत बी नाई आणि समजत बी नाई."

मी वाचायला लागले. थंडीबद्दल काहीतरी होतं, वजनाबद्दल होतं, आणि एका ठिकाणी रिमोटच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या बॅटरीच्या टक्क्यांबद्दल एक लांबलचक वाक्य होतं. मी ते तीनदा वाचलं आणि मला कळलं नाही. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की मला लाज वाटली.

"वाचलं सगळं?"

"हो काका."

"काई भ्यायचं नाई ना?"

"नाही काका."

"सरे," ते म्हणाले. म्हणजे 'बरं'; तेलुगू गिऱ्हाइकाशी बोलून बोलून हा शब्द त्यांच्या तोंडी बसला होता. त्यांनी कागद घडी करून खोक्यात ठेवला.

डिसेंबरात तामसीकडच्या एका गावात माझ्या वर्गातल्या रेखाचं लग्न होतं. शूटिंग काकांचं, म्हणून मी त्यांच्याच जीपमधून गेले. सकाळी एवढा गारठा होता की वाजंत्रीवाले शेकोटीभोवतीच वाजवत होते. काकांच्या काखांत जुन्या दोन बॅटऱ्या होत्या. मोठी तिथे मावत नव्हती, ती जीपच्या टपावर पिशवीत होती. "हिले उबेची गरज नाई," ते म्हणाले. "तगडी हाय."

मशीन उडालं आणि वरात पूर्ण गाव फिरली तरी वरच होतं. लोक खूश होते. नवरदेवाच्या मामाने नाचता नाचता वर हात करून चार वेळा सलाम ठोकला. काका माझ्याकडे पाहून हसले. वरात मांडवाशी आली तेव्हा स्क्रीनवर त्रेचाळीस टक्के होते. मी शेजारीच उभी होते, मी स्वतः पाहिले. एरवी त्यांनी मशीन शेतावरून वळसा घालून आणलं असतं. पण त्रेचाळीस टक्के म्हणजे खूप. त्यांनी ते मांडवाच्या तोंडावरून सरळ आपल्याकडे घेतलं.

आकडा एकदम शून्य झाला. स्क्रीन लाल झाली, आणि मशीनचा आवाज बंद पडला.

"सरका! पोरांनो, सरका!" काका ओरडले. मोठी माणसं सरकली. मुलं मशीनकडे बघून हात हलवत होती. त्यांतली पूनम, रेखाच्या मामाची आठ वर्षांची मुलगी, तोंड वर करून उभीच राहिली. मशीन तिच्याच चेहऱ्यावर पडलं.

काका धावले. त्यांनी दोन्ही हातांनी तिला उचललं, आणि स्वेटरमधून दोन्ही बॅटऱ्या रक्तात पडल्या. जीप दुसराच कोणी चालवत होता; आदिलाबादच्या दवाखान्यापर्यंत काका पुढच्या सीटवर तिला मांडीवर घेऊन, तिच्या डोळ्यावर स्वतःचा रुमाल धरून बसले होते. मी मागे तिच्या आईजवळ होते. वाटेत काका फक्त एवढंच म्हणत होते, "झालं माय, आलं बस." कोणाला म्हणत होते ते माहीत नाही.

पापणी शिवली. पण पात्याची धार डाव्या बुबुळालाही लागली होती. तिथून तिला नांदेडला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डोळा वाचला, मात्र त्यावर डाग राहिला. त्या डोळ्याने तिला धुक्यातून दिसावं तसं दिसतं.

तिसऱ्या दिवशी पूनमचे वडील चार माणसं घेऊन गल्लीत आले. सगळी गल्ली जमली. "मशीन पडलं काऊन, ते सांगा," ते म्हणाले. "बॅटरी विकणाऱ्याची चूक हाय का कोणाची हाय?"

काका दारात उभे होते. "माह्यी चूक हाय. वजन मी वाढवलं, डोक्यावरून मी आणलं."

"कोणाले इचारून लावली होती?"

मी काकूंच्या मागे उभी होते, पाच हातांवर. काका माझ्याकडे वळलेही नाहीत. "कोणाले इचारू? मशीन माह्यं, अक्कल माह्यी."

मी काहीच बोलले नाही. किती वेळ गप्प होते ते सांगता येत नाही. माणसं निघून जाईपर्यंत होते, एवढं खरं.

पंधरा दिवसांनी मी स्टुडिओत गेले. ड्रोन तिथे नव्हता आणि तो कुठे गेला ते मी विचारलं नाही. काका पासपोर्ट फोटो कापत होते. मी म्हणाले, "काका, तो कागद मला कळला नव्हता. मी वाचला म्हणाले, पण कळला नव्हता."

कात्री थांबली. ते म्हणाले, "मले जे ऐकायचं होतं तेच तू सांगितलं. तू नाई म्हणली असती तरी मी लावलीच असती." मग म्हणाले, "बॅटरीत एक चिप असते म्हणे. किती उरलं ते तीच सांगते, आन् मशीन बिचारं इस्वास ठेवते. तिले थंडीत ठाऊकच नव्हतं किती उरलं. तरी आकडा देत राह्यली."

ते मला टोचून बोलत नव्हते, त्यांना तसं बोलता येतच नसे. ते खरंच बॅटरीबद्दल बोलत होते. मी नाही म्हणाले असते तर त्यांनी लावली असती का, हे मला आजही ठरवता येत नाही. मला वाटतं, लावली नसती.

त्यानंतर काकांनी लग्नं घेणं बंद केलं. दर दोन महिन्यांनी ते तामसीच्या बसने पूनमच्या गावी जात आणि तिला व तिच्या आईला घेऊन नांदेडला तपासणीला नेत. कोणी जायला सांगितलं नव्हतं. पहिल्या वेळी पूनमच्या वडिलांनी त्यांना अंगणातच उभं ठेवलं. दुसऱ्या वेळी पाणी दिलं. त्या येण्याजाण्यावर काका काहीच बोलत नसत. फक्त एकदा म्हणाले, "पोरगी आता माह्याकडं पाहून हसते वं. ते जड जाते."

गेल्या उन्हाळ्यात स्टुडिओतच त्यांच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचण्याआधी ते गेले.

तेराव्यानंतर मी एकटी पूनमच्या गावी गेले. तिच्या आई भेंडी तोडून घरी आल्या होत्या, टोपली अजून कमरेवर होती. मी सगळं सांगितलं, बॅटरी, कागद, आणि दारातलं माझं गप्प राहणं. सांगताना मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत. टोपली खाली ठेवून त्यांनी पदराने मान पुसली.

"गंगाधरभाऊनं कदी तुह्यं नाव नाई घेतलं," त्या म्हणाल्या. "आन् तू आता सांगून मोकळी व्हायला आली."

त्यांनी टोपली पायाने भिंतीशी सरकवली.

"मोकळी नको होऊ. मंगळवारी पूनमची तारीख हाय. तिथं डॉक्टर भरभर बोलते, कागद इंग्रजीत देते. भाऊ डॉक्टरले समजेपर्यंत इचारायचे, उठायचेच नाई. आता कोण इचारन?"

मंगळवारी मी त्यांच्यासोबत नांदेडला गेले. डॉक्टरांनी पूनमचा डोळा तपासला, कागदावर चार ओळी लिहिल्या, काहीतरी सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पूनमच्या आई माझ्याकडे बघत होत्या. कागदावरचे दोन शब्द मला कळले होते, बाकीचे नव्हते. नेहमीसारखी मान हलवावी, असं पुन्हा वाटलं.

"डॉक्टर, मला हे कळलं नाही," मी म्हणाले.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा सांगितलं. डाग वाढलेला नाही, पण तो जाईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही, मुलगी मोठी झाल्यावर बुबुळ बदलावं लागेल कदाचित. 'कदाचित' म्हणजे कधी, आणि तोवर त्या डोळ्याचं काय, हे मला अजूनही समजलं नव्हतं. दारातला पेशंट आत येऊन उभा राहिला होता. मी खुर्चीवरून उठले नाही, आणि पुन्हा विचारलं.