फिरत्या ताऱ्यातलं घड्याळ

मी पदवीपर्यंत पोचलो तो माझ्या मामांमुळे. अलिबागच्या बाजूला खाडीकाठच्या मिठागरावर ते उघाडीचं काम पाहत. भरतीला बांधातल्या त्या दाराच्या फळ्या उचलून समुद्राचं पाणी आत घेत. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं, वेळ ते उन्हावरून ओळखत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघे: द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन. पाऊणकीचा पाढा मी शाळेआधी त्यांच्याकडूनच शिकलो.

बी.एस्सी. होऊन एम.एस्सी.ला लागलो. सुट्टीला घरी आलो त्या हिवाळ्यात आकाशात उपग्रह दिसू लागले होते. दिवेलागणीला मिठागरातले सगळे बांधावर टेकत. मिठाच्या वाफ्यांत उजेड साचून राहिलेला असे. वर एक ठिपका न लुकलुकता सरकायचा, आणि वाटायचं, खाली पाण्यात तोच या वाफ्यातून त्या वाफ्यात चालत जातोय.

"भाच्या," एकदा मामा म्हणाले, "ह्यो येवढा धावतो. त्यात घड्याळ ठेवलं तर आपल्यासारखंच चालंल का रं? भरतीसंगं होडीतनं खाडीत वर गेलं, की आपली भरती लांबते. काठावर उभा हाय त्याची न्हाय लांबत."

"मामा, घड्याळ म्हणजे काय भरती हाय? कुठंही ठेव, सारखंच चालणार."

"घ्या!" एक गडी ओरडला. "आता वरची उघाडी खोलायला पन मामालाच धाडा!"

सगळे हसले. मामाही हसले. पण मीठ चौकोनीच का बसतं, तार तापते कशी, असं दर खेपेला विचारणारे मामा त्यानंतर मला काहीच विचारेनासे झाले. मी सुट्टीला येई, ते जेवायला वाढत, बांधावर शेजारी बसत. ठिपका येई आणि जाई.

पुढच्या वर्षी एम.एस्सी.च्या वर्गात सरांनी सापेक्षता शिकवताना फळ्यावर नेमकं तेच उदाहरण घेतलं. खोलीवर येताच मी पत्र लिहिलं.

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

उपग्रहातलं घड्याळ आपल्यासारखं चालत नाही. मी चुकीचं सांगितलं. तो सेकंदाला पाचेक मैल जातो. एवढ्या वेगाने धावणारं घड्याळ इथून मोजलं तर मंद चालतं. उंचीमुळे ते किंचित जलदही होतं, पण पृथ्वीजवळून फिरणाऱ्याच्या बाबतीत वेगाचं पारडं जड पडतं. फरक शंभरेक वर्षांत सेकंदभर. घड्याळ बिघडलेलं नसतं. उपग्रहात त्याच्याजवळ बसलेल्याला ते ठीकच वाटेल. त्याचा वेळच तेवढा कमी गेलेला असतो. होडीचं कारण निराळं आहे. पण धावणाऱ्याचा वेळ वेगळा असेल, हे तुझ्या मनात आलं, माझ्या आलं नाही.

हे पत्र गावच्या शाळेतल्या मास्तरांना बांधावर, सगळे असताना वाचायला सांग. मी बोललो तेही सगळ्यांसमोरच.

नाताळात येतोय. मामा, तेव्हा काहीतरी विचार.

तुझा भाचा"