जुन्यावर नवं

सिमेंटच्या कारखान्याशेजारच्या विजेच्या खांबांवर तीस वर्षं चढउतार करणाऱ्या लाइनमनला सगळे आरसेबुवा म्हणत. तारा ज्या चिनीमातीच्या चकत्यांना टांगलेल्या असतात, त्या तो इतक्या घासायचा की वर चढून दाढी करता येईल, असं साहेब म्हणायचे. चेष्टाच ती, पण खोटी नव्हती.

कारखान्याची धूळ चकत्यांवर बसते. कोरडी असेतो बिचारी गप्प असते. धुक्याने भिजली की वीज तिच्यावरून वाट काढते, धडाका होतो आणि लाइन बंद पडते. म्हणून चकत्यांना ग्रीस लावतात. ते धूळ गिळून बसतं. वर्षाने ते खरवडायचं, चकती कोरडी पुसायची, मगच नवं लावायचं. जुन्यावर नवं कधीच नाही. हे त्याच्या तोंडून ऐकून नव्या भरतीचे कान किटले होते.

त्याच कारखान्यात त्याच्या बायकोने दहा वर्षं पोती शिवली. तिच्या छातीत काय साचलं होतं ते डॉक्टरांनी फोटोवर दाखवलं, पण ते खरवडायची सोय नव्हती. आता खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र विजेवर घुरघुरत असे. जोडीला सिलिंडर होता, पण त्याची चावी फिरवण्याइतका जोर तिच्या हातात उरला नव्हता.

त्या दिवशी ग्रीस बदलायला चार तास लाइन बंद मिळायची होती. कारखान्याने ओरड केली, साहेबांनी दोनच तास दिले. शेवटचा खांब त्याच्याच गल्लीच्या तोंडाशी होता. वरून घराची खिडकी दिसत होती. त्या दिवशी जवळ बसायला कुणी नव्हतं, सिलिंडर तो सुरू करून आला होता, पण बायकोच्या गोळीची वेळ टळत होती. त्याने जुनं ग्रीस तसंच ठेवून वरून नव्याचा हात फिरवला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! चकत्या मात्र नव्या नवरीसारख्या दिसत होत्या. उद्या-परवा पुन्हा चढू, असं म्हणत तो उतरला. त्या उद्या-परवाला तीन आठवडे झाले.

मग एका पहाटे धुकं उतरलं. तो सहाला कामावर गेला. त्याची बहीण वहिनीजवळ बसायला सातला यायची. साडेसहाला गल्लीतली वीज गेली. ऑफिसात फोन आला तेव्हा कुठला खांब हे त्याला विचारावं लागलं नाही. सायकल दामटत तो घरी गेला. यंत्र गप्प होतं. ती खाटेवरून उतरली होती आणि सिलिंडरच्या चावीवर दोन्ही हात ठेवून तशीच बसलेली होती. हात गार पडले होते.

चौथ्या दिवशी तो ऑफिसात गेला. बिघाडाच्या अहवालावर साहेबांनी कारण लिहायला घेतलं होतं, दाट धुकं.

"धुकं नका लिहू," तो म्हणाला. "जुन्यावर नवं लावलं होतं मी."

साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला.

"दोन तास मी दिले होते," ते हळूच म्हणाले. "घरी जा."

आणि त्यांनी धुकंच लिहिलं.