पाणी न पिणारी शेजारीण

बाळांनो, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं, हे तुमच्या आईने कळवलं असेलच. तिने जे कळवलं नाही ते मी लिहिते, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

गुरुग्रामच्या त्या हॉस्पिटलात आमची तीन खाटांची खोली. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची, खेड्यातली एक बाई होती. मुलगा जवळच्याच मानेसरला कारखान्यात, त्याच्या विम्यावर ती इथे आलेली. पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टर आले की ती डोक्यावरची ओढणी नाकाच्या खाली येईपर्यंत ओढून गप्प बसायची. तिच्याकडे म्हाताऱ्या बायकाही परक्या पुरुषांसमोर तोंड उघडत नाहीत. डॉक्टरांनी ठरवून टाकलं, म्हातारीला समजत नाही. मग सगळं मुलाला विचारायचे. मुलगा शिफ्टला गेलेला असला की कुणालाच नाही.

मला सिस्टर हात धरून बाथरूमला न्यायच्या. तिला मात्र डायपर. तिने बेडपॅन मागितलं तर, "अम्मा, उसी में कर लो." तो बदलायला यायचा पुरुष वॉर्डबॉय, पडदा अर्धा उघडा ठेवून! जी डॉक्टरला चेहरा दाखवत नाही, तिच्यावर ही वेळ.

तिने पाणी पिणंच सोडलं. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले, बोलताना शब्द अडखळायला लागले. राउंडला सिस्टरने सांगितलं, पेशंट सहकार्य करत नाही.

मी आधी सिस्टरला हिंदीतच समजावलं, की ती पाणी का पीत नाही. सिस्टर हसली. "आंटीजी, आप आराम करो. आपका तो सब ठीक चल रहा है ना?"

मग मी नर्सिंग इन्चार्जला बोलावून घेतलं आणि इंग्रजीत बोलले. सरकारी नोकरीत फायली अडवणाऱ्यांशी जसं बोलायचे, तसं. वय आणि बोली बघून माणसाची शुश्रूषा ठरवता, याला भेदभाव म्हणतात, हे सुनावलं. आंटीजीची मी लगेच मॅम झाले. चहा गार व्हायच्या आत चाकांची कमोड-खुर्ची आली, मदतीला बाई आली, पडदा भिंतीपर्यंत ओढला गेला. म्हणजे सगळं तिथेच होतं. फक्त तिच्यासाठी नव्हतं.

खाटेवर परत बसल्यावर ती ग्लासभर पाणी एका दमात प्यायली. अजून एक मागितला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बहन, तू तो अंग्रेजी में लड़ ली. मैं किस में लड़ती?"

याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

मला घरी सोडलं त्या सकाळी तिसऱ्या खाटेवर एक नवी आजी आली. चालत आली होती, काठी टेकत. मी व्हीलचेअरवर बसेपर्यंत तिलाही डायपर लावून झाला होता. तुमची आई म्हणाली, चल, खाली गाडी थांबली आहे. मी म्हटलं, थांबू दे. आणि इन्चार्जला पुन्हा बोलावून घेतलं.